मध्य हंगामाची क्रमवारी: ७-२ चा संघ चौथा का असू शकतो

न्यू जर्सीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. दहा जणांची कॉलेज बास्केटबॉलची फँटसी लीग आहे, म्हणजे प्रत्येक जण अमेरिकेतले खरे कॉलेज खेळाडू निवडून आपला संघ बनवतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवरून गुण मिळवतो. दर आठवड्याला दोन संघ समोरासमोर येतात, प्रत्येकाचे आठ खेळाडू लाइनअपमध्ये (यांचेच गुण धरतात) आणि चार बेंचवर. नऊ आठवडे संपले. कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्या प्रश्नकर्त्यानेच, मध्य हंगामाची क्रमवारी जाहीर केली आणि त्यात ७-२ (सात विजय, दोन पराभव) असलेल्या संघाला चौथं, तर ४-५ असलेल्या संघाला दुसरं स्थान दिलं. ग्रुपवर गहजब झाला. सात सामने जिंकलेल्या मालकाने विचारलं, "गुणतक्ता समोर असताना तुमची क्रमवारी हवीच कशाला?" त्याला काय उत्तर द्यायचं, आणि अशी क्रमवारी मुळात लावायची कशी?

त्याच्या सवालाचं उत्तर आधी देतो. गुणतक्ता काय झालं ते सांगतो. मध्य हंगामाची क्रमवारी इथून पुढे कोण किती चालेल ते सांगते. दोन्ही एकच असतील तर दुसरीची खरंच गरज नाही. म्हणून ज्या क्रमवारीत गुणतक्त्याचाच क्रम उतरवून पुढे दोन-दोन विनोदी वाक्यं जोडलेली असतात, ती मी वाचत नाही. तुम्ही तसं केलं नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. पण "मला असं वाटतं" एवढ्यावर चौथा क्रमांक दिला असेल तर मालकाचा राग रास्त आहे. सात विजय मिळवलेल्या माणसाला खाली ढकलायचं तर हिशेब दाखवायला हवा.

हिशेबाची सुरुवात ऑल-प्लेपासून करा, म्हणजे दर आठवड्याला प्रत्येक संघ बाकीच्या सगळ्यांशी खेळला असं धरा. समोरासमोरच्या लीगमध्ये तुमचा निकाल निम्मा तुमच्या हातात असतो आणि निम्मा समोरच्याच्या. समजा एखाद्या आठवड्यात दहा संघांचे गुण असे आले: ४१२, ३९८, ३९१, ३७७, ३६६, ३५२, ३४०, ३३१, ३१८, २८७. ज्याने ३९८ केले त्याची गाठ नेमकी ४१२ वाल्याशी पडली, तो हरला. ज्याने ३१८ केले त्याच्या वाट्याला २८७ वाला आला, तो जिंकला. गुणतक्त्यात पहिल्याच्या नावावर पराभव आणि दुसऱ्याच्या नावावर विजय. आता दोघांनाही त्या आठवड्यात सगळ्यांशी खेळवून बघा. ३९८ वाला नऊपैकी आठ जणांना हरवतो, ३१८ वाला फक्त एकाला. हा ८-१ आणि १-८ चा फरक गुणतक्ता पूर्ण गिळून टाकतो.

असं नऊही आठवड्यांचं करा. प्रत्येक संघाचे ८१ काल्पनिक सामने होतात. तुम्ही आठवड्यावार गुण पाठवलेले नाहीत, म्हणून उदाहरण घेतो. ७-२ वाल्याचा ऑल-प्ले ४१-४० निघाला, तर तो मधला संघ आहे. ८१ पैकी ४१ म्हणजे ५१ टक्क्यांच्या आतबाहेर, नऊ सामन्यांत साडेचार विजयांची लायकी. उरलेले अडीच विजय वेळापत्रकाने दिले. ४-५ वाल्याचा ऑल-प्ले ५७-२४ आला, तर तो ७० टक्क्यांचा संघ आहे आणि त्याच्या खात्यात सहाच्या वर विजय असायला हवे होते. स्प्रेडशीटमध्ये हे काम अर्ध्या तासाचं आहे. ग्रुपवर सगळ्यात आधी हा तक्ता टाका, क्रमवारी नंतर. निम्मा वाद तिथेच मिटतो, कारण प्रत्येकाला स्वतःचा आठवडा आठवत असतो: "हो, त्या आठवड्यात मी दुसरा होतो आणि तरी हरलो."

बरेच कमिशनर इथेच थांबतात. कॉलेज बास्केटबॉलमध्ये थांबून चालत नाही, कारण इथे आठवड्याचे गुण म्हणजे संघाची ताकद नव्हे. आठवड्याचे गुण म्हणजे ताकद गुणिले सामने. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक संघ आठवड्याला साधारण तीन-चार सामने खेळतो, त्यामुळे चढउतार सावरला जातो. कॉलेजमध्ये एखाद्या आठवड्यात तुमचा खेळाडू दोनदा खेळतो, एखाद्या आठवड्यात एकदाच. एका सामन्याचा आठवडा म्हणजे सरळ निम्मे गुण. वरच्याच उदाहरणात ४१२ वाल्याच्या आठ खेळाडूंनी मिळून १६ सामने खेळले असतील आणि ३९८ वाल्याच्या खेळाडूंनी १३, तर दर सामन्याला पहिल्याचे गुण पावणेसव्वीस पडतात आणि दुसऱ्याचे साडेतीस. त्या आठवड्यात हरलेला संघ किती सरस होता हे आता दिसतं. म्हणून ऑल-प्लेच्या शेजारी दुसरा रकाना हवाच: लाइनअपमधल्या खेळाडूने दर सामन्याला मिळवलेले गुण.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. जास्त सामने मिळवणं हेसुद्धा कौशल्यच आहे ना? आहेच. रविवारी रात्री बसून पुढच्या आठवड्यात कोण दोनदा खेळतंय हे बघणारा, बेंचवरचा चौथा खेळाडू वेव्हरवर (कोणाच्याच संघात नसलेल्यांच्या यादीत) सोडून नवा उचलणारा मालक त्याचं श्रेय कमावतो. पण ते कौशल्य कोणत्या महिन्यात वापरलं, हे बघावं लागतं. नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आसपास माऊई इन्व्हिटेशनलसारख्या स्पर्धा असतात, तीन दिवसांत तीन सामने. २०२४ मध्ये ऑबर्न विद्यापीठाने माऊई जिंकली. त्या आठवड्यात ज्याच्याकडे त्यांचा मुख्य खेळाडू जोनी ब्रूम होता त्याला तीन सामन्यांचे गुण एकरकमी मिळाले. हे जानेवारीत पुन्हा घडत नाही. कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या ठरलेल्या गटांतले आपसातले, सामने सुरू झाले की बहुतेक संघ आठवड्याला दोन, कधी एक, अशा लयीत येतात. नोव्हेंबरच्या तीन-सामन्यांच्या आठवड्यांवर ज्याचा ऑल-प्ले फुगलाय, त्याला पुढच्या आठ-नऊ आठवड्यांत तो आधार नाही. उलट जो मालक जानेवारीतसुद्धा दर आठवड्याला १५-१६ सामने लावतोय, त्याची सवय पुढेही टिकते. त्याला मी वर सरकवतो.

आयव्ही लीग या कॉन्फरन्सचा उल्लेख इथेच करतो, कारण फार कमी जण तिकडे बघतात. त्यांचे कॉन्फरन्सचे चौदाच सामने असतात, पण बरेचसे शुक्रवार-शनिवार असे जोडून. ज्या लीगमध्ये सगळ्या कॉन्फरन्सचे खेळाडू चालतात, तिथे आयव्हीचा एखादा भरवशाचा फॉरवर्ड फेब्रुवारीत मोठ्या नावांच्या बरोबरीने गुण देतो. तुमच्या लीगमध्ये फक्त मोठ्या कॉन्फरन्स चालत असतील तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता नोव्हेंबर-डिसेंबरचे आकडे किती खरे मानायचे, हा मुद्दा. क्रमवारी लावणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांत मोठी विद्यापीठं छोट्या विद्यापीठांना हजारो डॉलर देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. हे सामने तीस-चाळीस गुणांच्या फरकाने संपतात. मुख्य खेळाडू दुसऱ्या हाफमध्ये बसतात, सातव्या-आठव्या क्रमांकाच्या खेळाडूला वीस मिनिटं मिळतात आणि तो समोरच्या छोट्या संघावर १४ गुण, ८ रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) करून जातो. वेव्हरवर त्याच्यासाठी झुंबड उडते. जानेवारीत कॉन्फरन्सचा सामना आला की प्रशिक्षक सात, फार तर आठ खेळाडूंवर येतात. तो मुलगा नऊ मिनिटांवर येतो. म्हणजे एकाच हंगामात दोन वेगळे खेळ चालतात, आणि तुमचे नऊ आठवडे बहुतांशी पहिल्या खेळातले आहेत.

म्हणून मी प्रत्येक संघाचे आठ मुख्य खेळाडू घेतो आणि त्यांचे फक्त कॉन्फरन्समधले सामने वेगळे काढतो. मध्यावर ते तीन-चारच असतील, गुणांच्या सरासरीसाठी तेवढे पुरत नाहीत. पण मिनिटांसाठी पुरतात. गुण वरखाली होतात, नेम लागतो किंवा लागत नाही. मिनिटं मात्र प्रशिक्षकाचा निर्णय असतो आणि तीन सामन्यांत तो स्पष्ट होतो. ज्या संघातले आठपैकी सहा-सात खेळाडू कॉन्फरन्समध्ये ३० मिनिटांच्या वर खेळतायत, तो संघ गुणतक्त्यात सहावा असला तरी माझ्याकडे वरच्या गटात असतो. ज्याच्या चार खेळाडूंची मिनिटं २८ वरून २० वर आली आहेत, त्याला मी खाली आणतो, मग तो ७-२ असो की ८-१.

याची दुसरी बाजूही आहे. नवखे खेळाडू, म्हणजे फ्रेशमन, जानेवारीत थकतात असं सरसकट म्हटलं जातं. काही थकतात. पण जे खरोखर मोठे असतात ते याच सुमाराला उमलतात. ड्यूकचा कूपर फ्लॅग २१ डिसेंबर २०२४ ला अठरा वर्षांचा झाला. ११ जानेवारी २०२५ ला नोत्र दामविरुद्ध त्याने ४२ गुण केले, ड्यूकच्या एसीसी या कॉन्फरन्समधल्या कोणत्याही फ्रेशमनचा तो विक्रम. मैदानी फटके १४ पैकी ११, फ्री थ्रो (फाउलनंतर लाइनवरून मिळणारे मोकळे फटके) १७ पैकी १६, शिवाय ६ रिबाउंड आणि ७ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटआधीचा पास). गुणाला १, रिबाउंडला १.२ आणि असिस्टला दीड असा हिशेब धरला, तर स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (फटका अडवणं), टर्नओव्हर (चेंडू गमावणं) न मोजताही हे जवळजवळ ६० फँटसी गुण होतात. एकट्याचे, एका सामन्यात. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या राली-डरहॅमच्या परिसरात राहतो. इथे ड्यूक, चॅपल हिल आणि एनसी स्टेट ही तीन विद्यापीठं एकमेकांना खेटून आहेत, आणि एनसी स्टेटमध्ये शिकायला आलेली मराठी मुलं पहिल्या हिवाळ्यातच बाजू निवडून मोकळी होतात. त्या सामन्यानंतर आठवडाभर कार्यालयात, मंडळाच्या बैठकीत, सगळीकडे एकच विषय होता. पण माझ्यासाठी ४२ या आकड्यापेक्षा १७ फ्री थ्रो महत्त्वाचे होते. लांबचा नेम एखाद्या रात्री लागतो. सतरा फ्री थ्रो मिळणं म्हणजे बचावपटूंना तो झेपत नाहीये आणि प्रशिक्षक चेंडू त्याच्याच हातात देतोय. क्रमवारी लावताना अशा खुणा शोधा: मिनिटं, फ्री थ्रोचे प्रयत्न, असिस्टची वाढ. तीन गुणांच्या फटक्यांची टक्केवारी मध्यावर फार मनावर घेऊ नका. डिसेंबरपर्यंत ४८ टक्के मारणारा खेळाडू बहुधा खाली येतो आणि २७ टक्क्यांवर अडकलेला जुना नेमबाज बहुधा वर जातो.

संघाच्या वेगाबद्दल सगळेच बोलतात, आणि तिथे एक अर्धवट समज फार पसरलेला आहे. कॉलेजमध्ये सामना ४० मिनिटांचा, शॉट क्लॉक (फटका मारायची मुदत) ३० सेकंदांचं. एका संघाला सामन्यात सरासरी ६७-६८ पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात येण्याच्या पाळ्या, मिळतात. प्रशिक्षक नेट ओट्सच्या अलाबामासारखा संघ ही संख्या सत्तरीच्या मध्यापर्यंत नेतो, केल्विन सॅम्पसनचा ह्यूस्टन ती साठीच्या सुरुवातीला आणून ठेवतो. त्यावरून लोक ठरवतात की वेगवान संघातले खेळाडू घ्यायचे आणि संथ संघातले टाळायचे. वेग महत्त्वाचा आहे, पण खेळाडूच्या मिनिटांशी गुणल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

२०२४-२५ मधला ड्रेक विद्यापीठाचा बेनेट स्टर्ट्झ घ्या. प्रशिक्षक बेन मॅककॉलम आणि स्टर्ट्झ हे दोघेही डिव्हिजन दोनमधल्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटमधून ड्रेकला आले होते. ड्रेक त्या वर्षी डिव्हिजन एकमधला सगळ्यात संथ संघ होता, सामन्याला ५९ च्या आसपास पझेशन. फँटसी ड्राफ्टमध्ये (हंगामाआधी खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत) बहुतेकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण स्टर्ट्झ सरासरी ३९.४ मिनिटं मैदानात असायचा. म्हणजे तो बसायचाच नाही. हिशेब करा: ५९ पैकी ५८ पझेशन त्याच्या वाट्याला. अलाबामाचा २५ मिनिटं खेळणारा खेळाडू ७५ पैकी ४७ पझेशनच मैदानात असतो. संथ संघातला स्टर्ट्झ वेगवान संघातल्या त्या खेळाडूपेक्षा जास्त खेळतो, आणि चेंडूही त्याच्याच हातात. १९ च्या वर गुण, साडेपाचच्या वर असिस्ट आणि दोन स्टील अशी त्याची सरासरी होती. ज्या लीगमध्ये स्टीलला तीन गुण आहेत, तिथे तो पहिल्या पाच-सहा खेळाडूंत बसतो. ज्याने त्याला शेवटच्या फेरीत उचललं, त्याचा संघ गुणतक्त्यात कुठेही असो, तो मालक खेळ ओळखतो हे क्रमवारी लावताना लक्षात ठेवायला हवं.

याच अंगाने एक सूचना. एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीतल्या पहिल्या पंचवीस विद्यापीठांतले किती खेळाडू आहेत हे बघून फँटसी संघ तोलू नका. वरच्या संघांत चेंडू वाटला जातो. २०२४-२५ मध्ये ह्यूस्टन ३५-५ राहून थेट एनसीएए स्पर्धेच्या, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि फ्लोरिडाकडून ६५-६३ असा हरला. त्यांचा सर्वाधिक गुण करणारा एल. जे. क्रायर सरासरी सोळाच्या आतच होता. त्याच वर्षी रटगर्स १५-१७ वर संपला, एनसीएए स्पर्धेत गेलाच नाही, पण त्यांच्या डिलन हार्परची सरासरी १९.४ आणि एस बेलीची १७.६ होती. तुमच्या न्यू जर्सीतला संघ, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. खरा संघ हरतोय म्हणून हार्परच्या मालकाला खाली ठेवणं ही चूक ठरली असती. उलट हरणाऱ्या संघात मागे पडल्यावर चेंडू त्यांच्याकडेच जातो.

फक्त एक बाब तपासा: तुमची लीग संपते कधी? बहुतेक समजूतदार लीग कॉन्फरन्स स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास अंतिम सामना उरकतात. तसं असेल तर रटगर्सचा खेळाडू आणि ड्यूकचा खेळाडू यांच्यात शेवटापर्यंत फरक नाही. पण तुमची लीग कॉन्फरन्स स्पर्धांपर्यंत किंवा एनसीएएच्या ६८ संघांच्या स्पर्धेपर्यंत चालत असेल, तर सगळं गणित उलटतं. मग लवकर बाहेर पडणाऱ्या संघातला खेळाडू ऐन मोक्याला शून्य देतो, आणि मध्य हंगामाच्या क्रमवारीत त्याची किंमत आत्ताच कमी धरायला हवी. तेव्हाही मोठ्या नावावर डोळे झाकून विसंबू नका. २०२४ मध्ये केंटकीकडे रीड शेपर्डसारखा, बेंचवरून येऊनही सामन्याला अडीच स्टील देणारा खेळाडू होता, आणि तो संघ पहिल्याच फेरीत ओकलंडकडून ८०-७६ असा गारद झाला. लहान कॉन्फरन्सचं वेळापत्रकही वेगळं असतं. ड्रेकच्या मिझुरी व्हॅली कॉन्फरन्सची स्पर्धा सेंट लुईसला मार्चच्या सुरुवातीलाच होते. २०२५ मध्ये ती ६ ते ९ मार्चला झाली आणि ड्रेकने ती जिंकताना तीन दिवसांत तीन सामने खेळले. फँटसीचा अंतिम सामना त्याच आठवड्यात ठेवणाऱ्या लीगमध्ये हे तीन सामने जेतेपद ठरवू शकतात.

दुखापतींबद्दल. एनबीएसारखी रोजची सक्तीची यादी कॉलेजमध्ये सगळीकडे नाही. ऑबर्नच्या एसईसी या कॉन्फरन्सने २०२४-२५ पासून कॉन्फरन्सच्या सामन्यांसाठी उपलब्धतेची यादी सक्तीची केली, त्यामुळे तिथले खेळाडू असलेल्या मालकाला निदान आदल्या रात्री कळतं. इतर अनेक ठिकाणी सामना सुरू होताना बाकावर साध्या कपड्यांत बसलेला खेळाडू दिसतो तेव्हाच बातमी कळते. म्हणून मध्यावर मी प्रत्येक संघासाठी एक प्रश्न विचारतो: पहिला खेळाडू काढला तर काय उरतं? ब्रूमचा घोटा ११ जानेवारी २०२५ ला साउथ कॅरोलायनाविरुद्ध दुखावला. तो दोन सामने बाहेर बसला आणि टेनेसीविरुद्ध परतला. ऑबर्नने ते दोन सामने त्याच्याविना निभावले. पण ज्या फँटसी संघाचे पाव भाग गुण एकट्या ब्रूमकडून येत होते, त्याचा तो काळ नक्कीच कोरडा गेला असणार. एका खेळाडूवर पाव भागापेक्षा जास्त भार असलेला संघ माझ्या क्रमवारीत एखादी पायरी खाली असतो, तो खेळाडू कितीही ठणठणीत असला तरी. अपवाद फक्त पर्ड्यू विद्यापीठाचा उंच सेंटर झॅक एडी याच्यासारख्यांचा. २०२३-२४ मध्ये २५.२ गुण आणि १२.२ रिबाउंड देणारा खेळाडू असेल तर उरलेले सात जण साधारण असले तरी चालतात.

एडीची आणखी एक गोष्ट उंच खेळाडू तोलताना कामाची आहे. कॉलेजमध्ये पाच फाउलवर खेळाडू बाहेर जातो आणि पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की बरेच प्रशिक्षक त्याला मध्यंतरापर्यंत बसवूनच ठेवतात. त्यामुळे सेंटरची (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची) मिनिटं गार्डपेक्षा (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्यापेक्षा) जास्त डगमगतात. एडी स्वतः फाउल टाळायचा आणि समोरच्यांकडून काढायचा, म्हणून एवढ्या उंचीचा असूनही तो ३२ मिनिटांच्या आसपास टिकायचा. ज्या फँटसी संघात तीन सेंटर आहेत, त्यांचे फाउल दर ४० मिनिटांना किती पडतात ते बघा. साडेपाच-सहा असतील तर त्या संघाची सरासरी बरी दिसते, पण आठवड्यागणिक गुण सैरभैर होतात. प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांत, एका वाईट आठवड्यात बाहेर पडावं लागतं, तिथे असा संघ धोक्याचा.

प्रवासाचाही थोडा विचार करा. २०२४ पासून यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आले. आता ती कॉन्फरन्स न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरली आहे. मी यासाठी वेगळा आकडा लावत नाही, पण दोन संघ अगदी बरोबरीत असतील तर फेब्रुवारीत पूर्वेकडचे लांबचे दौरे कोणाच्या खेळाडूंना जास्त आहेत हे बघून निर्णय घेतो.

आता हे सगळं एकत्र कसं करायचं. माझी पद्धत अशी, की निम्मं वजन लाइनअपच्या दर सामन्याच्या गुणांना, आणि त्यातही डिसेंबरच्या अखेरीपासूनच्या सामन्यांना दुप्पट. पाव वजन ऑल-प्लेला, कारण त्यात मालकाची आठवड्याची मेहनत दिसते. उरलेलं पाव पुढच्या वेळापत्रकाला: प्लेऑफच्या आठवड्यांत कोणाचे किती खेळाडू दोनदा खेळतात, कोण दुखापतीतून परततंय, कोणाचं एकावरच अवलंबून आहे. प्रत्यक्ष विजय-पराभवांना मी क्रमवारीत शून्य वजन देतो. पण प्रत्येक संघाच्या नावापुढे ते ठळकपणे लिहितो आणि प्लेऑफ गाठण्याची शक्यता वेगळी सांगतो. तुमच्या लीगमध्ये हेच राहून गेलं असावं. ७-२ चा संघ ताकदीने चौथा असेल, पण प्लेऑफमध्ये तो जवळजवळ पोचलाच आहे. ४-५ वाला ताकदीने दुसरा असेल, पण आणखी तीन सामने गमावले तर तो बाहेर. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिल्या मालकाला त्याचे सात विजय कोणी काढून घेतलेले नाहीत हे त्याला स्पष्ट शब्दांत दिसलं पाहिजे.

दुसरं, एक ते दहा असा सरळ क्रम लावताना आपण नसलेली अचूकता दाखवतो. तिसऱ्या आणि पाचव्या संघात दर सामन्याला अर्ध्या गुणाचा फरक असेल, तर तो फरक नाहीच. मी संघ गटांत मांडतो. वरचे दोन-तीन, ज्यांना हरवायला काहीतरी बिघडावं लागेल. मधले चार-पाच, ज्यांचा क्रम पुढच्या आठवड्यात बदलू शकतो. आणि तळाचे. गटाच्या आत क्रमांक दिले तरी लोकांना कळतं की चौथा आणि सहावा हे शेजारी आहेत. तुमचा चौथा क्रमांक मधल्या गटातला पहिला म्हणून मांडला असता, तर एवढं पेटलं नसतं असं मला वाटतं.

प्रत्येक संघावर चार-पाच ओळी लिहा आणि त्यात एक ओळ हमखास असू द्या: काय घडलं तर माझं मत बदलेल. उदाहरणार्थ, "या संघाच्या दोन गार्डची मिनिटं पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा ३० वर गेली तर तो वरच्या गटात येईल." अशी ओळ असली की मालक भांडायचं सोडून लाइनअप बघायला लागतो. आणि अंदाज खरा निघाला की खोटा, हे तपासायची सोय सगळ्यांना होते. मोघम कौतुक आणि मोघम टीका दोन्ही टाळा. "बेंच कमकुवत आहे" असं लिहू नका. "बेंचवरच्या चौघांपैकी तिघे आपल्या संघात पहिल्या पाचात नाहीत" असं लिहा.

तुमचा स्वतःचा संघही याच दहांत असेल. त्याचा क्रमांक तुम्ही ठरवू नका. वरचे रकाने भरून दुसऱ्या कोणाला द्या, शक्यतो तळाच्या संघाच्या मालकाला, आणि तो जो आकडा देईल तो तसाच छापा.

वेळेचं भान ठेवा. ट्रेडची शेवटची तारीख तोंडावर असताना क्रमवारी प्रसिद्ध केली तर तिचा सौदेबाजीत वापर होतो. कमिशनरने अमक्याचे खेळाडू खाली धरले आहेत म्हणून समोरचा कमी देऊ करतो, आणि मग तुमच्यावर पक्षपाताचा आरोप येतो. डिसेंबरच्या मध्यावर परीक्षांमुळे सामने विरळ असतात, तेव्हा आकडे गोळा करून ठेवा. कॉन्फरन्सचे तीन-चार सामने झाले की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिनिटांचा रकाना भरा आणि लगेच छापा. ट्रेडला तोवर दोन-तीन आठवडे उरलेले असले पाहिजेत. तुमच्या लीगमध्ये ती तारीख फेब्रुवारीच्या सुरुवातीला असेल, तर अजून वेळ आहे. या आठवड्यात ऑल-प्लेचा तक्ता टाका, दर सामन्याच्या गुणांचा रकाना जोडा, आणि सुधारलेली क्रमवारी पुढच्या सोमवारी, नवा आठवडा सुरू होण्याआधी द्या. त्यात ७-२ वाला पुन्हा चौथाच आला तर आकड्यांसकट चौथाच ठेवा.